नऊ सह्यांची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
दीपांकुर विद्या प्रसारक मंडळ,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : मुख्याध्यापिका श्रीमती रत्नमाला खरात यांची वैजापूर तालुक्यात झालेली बदली रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आमची तक्रार, दि. १२ जुलै २०२४
२) आपला बदली आदेश, दि. ३ मार्च २०२५

महोदय,

मी मंडळाच्या वाळूज येथील प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षे सहशिक्षक आहे. संदर्भ एकमधील तक्रारीवर नऊ शिक्षकांच्या सह्या असल्या तरी मजकूर माझा आहे. माझा मसुदा चांगला असतो असे सगळे म्हणतात, आणि त्याचा मला गर्व होता. मॅडमना रुजू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मंडळाकडे गेलेल्या कागदाची दखल घेतली जाते, असा आमचा अनुभव नाही. त्यामुळे तक्रार धूळ खात पडली असेल असे समजून आम्ही ती विसरलो. आठ महिन्यांनी आपण दखल घेतली. मधल्या काळात काय झाले, ते मुद्देनिहाय सादर करतो.

मुद्दा १. "मुख्याध्यापिका स्वतःची खोली पहिलीच्या वर्गाला देऊन व्हरांड्यात बसतात, त्यामुळे पदाची शान गेली आहे." पहिलीचा वर्ग पत्र्याखाली भरत होता. जूनमध्ये दोन मुली चक्कर येऊन पडल्या. त्याच पत्र्याखाली मी सहा वर्षे शिकवले, पण वर्ग हलवावा असे मला कधी सुचले नाही.

मुद्दा २. "सकाळी सातला पालकसभा घेऊन शिक्षकांना वेठीस धरतात." रात्रपाळी करून पालक कंपनीच्या बसमधून उतरतात तेच मुळी सातला. मॅडमनी आम्हाला एकदाही बोलावले नव्हते, त्या एकट्याच येत. पुढे आम्हालाच घरी बसवेना. खिचडी शिजवणाऱ्या भामाबाई सह्या चालू असतानाच मला म्हणाल्या होत्या, "सर, मॅडम लई जीव लावत्यात लेकरांला. तुम्ही कशापायी कागद काळे करायलात?" मी त्यांना चुलीकडे लक्ष द्यायला सांगितले.

मुद्दा ३. "स्टाफसोबत चहा घेताना स्वतःचा वेगळा कप घरून आणतात, यावरून त्यांचा अहंकार दिसतो." हे वाक्य मला फार आवडले होते. दिवाळीनंतर एकदा मी मॅडमना कपाबद्दल सहज विचारले. त्या म्हणाल्या, "आधीच्या शाळेत माझा कप खिडकीत वेगळा ठेवायचे, सर. इथं कुणाला तेवढी तसदी नको, म्हणून घरूनच आणला." आम्ही तसा कप वेगळा ठेवला नसता, असे मला शपथेवर सांगता येत नाही. मला लाज वाटते, एवढेच सांगता येते.

आपल्या कार्यालयात चौकशी केली असता, तक्रार मागे घ्यायची तर नऊच्या नऊ सह्या लागतील असे कळले. आठ सोबत जोडल्या आहेत. नववे सहकारी नानासाहेब डिसेंबरमध्ये वारले. त्यांच्या आजारपणात मॅडमनी दोन महिने त्यांचा चौथीचा वर्ग स्वतः घेतला, आणि रोज शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांना दाखवायला दवाखान्यात जात. नानासाहेब माझा हात धरून म्हणाले होते, "माझी सही तेवढी खोडून टाक रे." मी हो म्हणालो आणि केले काहीच नाही. मयताची संमती कोणत्या नमुन्यात सादर करावी, याचे मार्गदर्शन व्हावे. नमुना नसल्यास माझा शब्द ग्राह्य धरावा.

मॅडम शनिवारी कार्यमुक्त होत आहेत. त्यांची बदली रद्द करावी, आणि खोटी तक्रार लिहिल्याचा ठपका माझ्या सेवापुस्तकात नोंदवावा, ही विनंती.

अर्ज मुख्याध्यापिकांमार्फत यावा, हा नियम मला माहीत आहे. तक्रार आम्ही त्यांच्या पाठीमागून केली होती. निदान हा अर्ज तरी त्यांच्या समोरून जावा, म्हणून काल पहिली प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि शेरा लिहिला : "सर मे अखेर सेवानिवृत्त होत आहेत. शेवटच्या तीन महिन्यांत त्यांच्या सेवापुस्तकाला डाग नको. अर्ज पुढे पाठवू नये."

सबब हाही कागद मी त्यांच्या पाठीमागूनच पाठवत आहे.

आपला नम्र आणि दोषी,
(सही)
व्यंकटराव देऊळगावकर
सहशिक्षक

दि. ६ मार्च २०२५

सोबत : १) आठ शिक्षकांची संमतीपत्रे
२) मॅडमच्या शेऱ्यासह पहिली प्रत