पानगळीचा संच

ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मग मी फोन आपटते, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तुझा पानगळीचा संच मुंगीच्या बालवाडीत आला. बाई कौतुकाने म्हणाल्या की तुमच्या बहिणीचे कागद फार सुरेख असतात, दर ऋतूला आम्ही तेच छापून घेतो. मी फुशारून हसले. पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितलं की तुमच्या मुलीला मात्र ते जमत नाहीत. ठिपक्यांवरून पान गिरवायला दिलं की रेघ भलतीकडे जाते, नमुना बघून तसंच पान काढायचं तर ती वेगळंच काहीतरी काढते, आणि कात्रीने कापायला दिलं तर पानाची लक्तरं करते. हिवाळ्याचा संच संपेपर्यंत वाट बघू, नाहीतर तिला परत छोट्या गटात बसवू, असं त्या म्हणाल्या. छोट्या गटात अडीच-तीन वर्षांची मुलं आहेत. मुंगी साडेचारची आहे आणि तिला सगळं कळतं.

घरी आल्यावर तिने खडूंचा डबा पलंगाखाली ढकलला. आता खडू पुढे केला की मूठ आवळून बसते. सांडलेले वाटाणे एकेक करून चिमटीत उचलायची म्हणून जिचं नाव आपण मुंगी ठेवलं, तीच ही मुलगी.

तू खोलीत एकटी बसून कॉम्प्युटरवर पानं आणि हातमोजे काढतेस. ज्यांच्यासाठी काढतेस, त्यातलं एक तरी पोर कधी समोर बसवतेस का? मला तुझा भयंकर राग आलाय.

आई बरी आहे. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. असावा की नसावा, ते आज तूच बघ.

धाकटी

ता. १७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद मोठी म्हणून लिहिलेत, मनात दोन धपाटे होते.

कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी मी किती वर्षं बालवाडीत पोरांची नाकं पुसली, ते सोयीने विसरलीस. माझी एकेक ओळ विचार करून आखलेली असते. सुरुवातीला नमुन्याचं पान, मग ठिपक्यांची पानं, मग मोकळी जागा. कागद हलू नये म्हणून सरळ ठेवून चारही कोपरे टेबलाला चिकटवायचे, हे प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलेलं असतं. इतकी मुलं बिनतक्रार गिरवतात. तुझ्या एकटीच्या लेकीला जमत नाही, तर दोष कागदाचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

तू तिच्याकडून सराव करून घेत नाहीस. बुटाची नाडी तू बांधतेस, कोटाची बटणं तू लावतेस. मग बोटांत जोर यायचा कुठून? वर मला विचारतेस की पोर समोर बसवतेस का.

मुंगीचे सगळे बिघडलेले कागद पाठवून दे. त्यातले बरे तेवढे निवडून पाठवू नकोस. कुठे अडतंय ते मी बघते आणि मग तुला नीट सुनावते.

तुझ्यावर लोभ आहेच, तो तुझ्या वागण्यावर थोडाच अवलंबून आहे.

ताई

ता. २५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे घे कागद. प्रत्येकावर बाईंनी लाल पेनाने ‘पुन्हा’ लिहिलंय. निवडानिवड केलेली नाही, कारण निवडण्यासारखा एकही नव्हता.

बटणं मुंगी स्वतः लावते. मागे भेटलीस तेव्हा ती रांगत होती, त्यानंतर तू फिरकलेली नाहीस, म्हणून तुला हे माहीत नसणार.

परवा तिने वर्गात कागद टेबलावरून उपटला आणि फाडला. बाईंनी मला बोलावून घेतलं. का फाडलास असं विचारलं तर म्हणे, पान लपून बसतं, मला दिसतच नाही. बाई म्हणाल्या की ही आता सबबीही सांगायला लागली. मला एवढी लाज वाटली की घरी येईपर्यंत मीही तिला बोल बोल बोलले. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आता सुनाव काय सुनावायचं ते.

धाकटी

ता. २ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज आशीर्वाद मनापासून आहेत.

पाकीट उघडून मी सगळे कागद जमिनीवर मांडले. प्रत्येक ओळीत मोकळ्या जागेतली रेघ उजवीकडे भरकटलेली, आणि डावीकडचा नमुना हात घासून मेणखडूने काळा झालेला. एकाही कागदात फरक नाही. मुंगी डावखुरी आहे. तुला ते रोज दिसतं म्हणून तू लिहिलं नाहीस, आणि मी विचारलं नाही.

नमुना मी डावीकडे ठेवला. ती उजवीकडे काढायला लागली की तिचाच हात त्या नमुन्यावर येतो. कागद तिरका करावा तर माझ्या सूचनेप्रमाणे तो चारही बाजूंनी चिकटवलेला. कात्रीही उजव्या हाताची, डाव्या हातात धरली की तिचं पातं कापायची रेघ झाकतं. पान लपून बसतं, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. आणि आपण तिघी शहाण्या बायका त्या एवढ्याशा पोरीवर खेकसत होतो.

आता माझा राग कुणावर आहे ते सांगते. मीही डावखुरी होते. तुझा तेव्हा जन्म झाला नव्हता. आई माझा डावा हात कापडाच्या पट्टीने खुर्चीच्या दांड्याला बांधायची आणि उजव्याने अक्षरं काढून घ्यायची. माझं अक्षर मोत्यासारखं झालं, येईल त्याला ती ते दाखवायची. तो हात मी इतका विसरले, की इतक्या वर्षांत त्या हाताच्या मुलासाठी एक ओळ आखायचं सुचलं नाही. मला आईचा राग आहे. तो कधी तोंडाने बोलले नाही, आज लिहितेय. हे पत्र तिला वाचून दाखव, गाळू नकोस.

जुना संच वापरू नका, असं सगळ्या बालवाड्यांना कळवलंय. यापुढे नमुना ओळीच्या वर असेल आणि कागद मुलाला हवा तसा ठेवू द्यायचा. तुमच्या बाईंना वेगळं पत्र लिहिलंय, त्यात मी फार गोड बोललेले नाही.

हिवाळ्याच्या संचातलं हातमोज्यांचं पान मुंगीसाठी सोबत आहे. ते छापलेलं नाही, मी डाव्या हाताने काढलंय. मोजे वेडेवाकडे आलेत. हसलीस तर याद राख.

ताई

ता. १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला पत्र वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही; हात बांधल्याचं तेवढं मुंगीच्याही कानावर पडलं. ती म्हणाली की तेव्हा सगळेच असं करायचे, आणि उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने तू काढलेले मोजे बघायला मागितले. बराच वेळ बघत बसली. मी तिची समजूत काढली नाही. मलाही राग आलाय, आणि एवढ्यात तो जाईल असं वाटत नाही.

बाई आधी म्हणाल्या की एका मुलीसाठी सगळ्यांचे कागद कसे बदलायचे. मी त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं, डाव्या हातात खडू दिला आणि तुझा जुना कागद गिरवायला लावला. तिसऱ्या पानाशी त्या थांबल्या. छोट्या गटाचं नाव आता काढत नाहीत. माझी माफी मागितली त्यांनी. मी म्हटलं, माझी कशाला, मुंगीची मागा. त्या अजून टाळताहेत. मी सोडणार नाही.

तुझं पान मुंगीने बारकाईने तपासलं. कुणी काढलं असं विचारलं. मावशीने, डाव्या हाताने, असं मी सांगितलं. मग तिने विचारलं की मावशी छोट्या गटात आहे का. मला हसूही आलं आणि रडूही, आणि मी हो म्हटलं.

तशी ती पलंगाखाली शिरली आणि खडूंचा डबा ओढून बाहेर आली. दुपारभर बसून तिने तुझ्यासाठी एक कागद तयार केला, तो सोबत पाठवतेय. वर मोजा, खाली ठिपके. तिने सांगितल्याप्रमाणे कागद तिरका ठेवायचा, तोच डावा हात वापरायचा आणि भरून परत पाठवायचा. चुकलं तरी चालेल, ती ‘पुन्हा’ लिहिणार नाही आणि हात कुणालाही बांधू देणार नाही.

तुझ्यावर आता राग उरलेला नाही, लोभ मात्र पूर्वीपेक्षा जास्त आहे.

धाकटी