काडतुसाची सोयरीक

घरच्या सरकारांना दुरूनच, जरा जपून नमस्कार.

सुखरूप पोचलो. मफलर बांधतो. तुझा गुडघा कसा आहे? दुधाचं पातेलं शोधत बसू नकोस, सापडेल.

आपल्या जुन्या शिकारी रायफलीचं काडतूस अखेर सापडलं! ती एकाच गिऱ्हाइकासाठी घडवलेली, काडतूसही तिच्यापुरत्याच मापाचं, म्हणून तर इतकी वर्षं वणवण केली. काडतुसं जमवणाऱ्या इथल्या एका घड्याळवाल्यांकडे ते एकुलतं एक आहे. काडतूस बसतं तिथे वितळलेलं गंधक ओतून मी ठसा घेतला होता ना, तो खिशातून काढला. त्यांनी काडतूस शेजारी ठेवलं. जुळी भावंडं! त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

पण इथेच घोडं अडलं. मी म्हणालो, "काडतूस द्या." ते म्हणाले, "रायफल द्या." दोघंही हटेनात. चहा गार झाला. शेवटी त्यांच्या पत्नी आतून ओरडल्या, "लावून टाका दोघांचं लग्न आणि धाडा संग्रहालयात. आम्ही सुटू!" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "छे, छे!"

निघताना त्यांच्या पत्नींनी बाहेर येऊन हळूच विचारलं, "गंधक वितळवलंत कशात?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

त्या आत गेल्या आणि कोरं पातेलं घेऊन आल्या. "वहिनींना द्या. काही सांगू नका, कळेल त्यांना. आमच्याकडे हे तिसरं."

रविवारी येतोय. दारात आधी पातेलं दिसेल, त्यामागे मी.

तुझाच,
लोखंडवेडा