गाडीचे इंजिन दुरुस्त करू नये

मी, पुतळी लडक्या वरठा, वय त्रेसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार वेवजी, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओटीवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, आणि ती आता बरी होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. मला धमकावणे सोपे नाही, हे ज्यांनी शाळेत माझ्या हातची छडी खाल्ली त्यांना माहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा मुलगा होता आणि कागदाची गरज वाटली नव्हती.

१. माझे यजमान लडक्या वरठा पूर्वीच वारले. एकुलता मुलगा उमेश गेल्या वर्षी श्रावणात गेला. त्याची पत्नी प्रगती माझ्याजवळ राहते. त्यांना मूलबाळ नाही. माझ्यामागे प्रगतीने माहेरी निघून जावे, असे माझे धाकटे दीर हाल्या वरठा यांचे म्हणणे आहे. त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितले आहे. हा सगळा खटाटोप मुख्यतः त्यासाठी आहे.

२. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले व माझ्या नावावर आहे. ते मी प्रगतीला देते. तिने त्यात एकटीने राहावे, दुसरे लग्न करून राहावे, नाहीतर भाड्याने द्यावे. तिने लग्न केले तर मला आनंदच होईल, हे मी तिला दोनदा बोलून दाखवले आणि दोन्ही वेळा ती उठून चुलीकडे गेली. बँकेतली ठेवही तिचीच. कोंबड्या शेजारच्या नवशीला द्याव्यात. लाल कोंबडा टोचतो, हे तिला आधी सांगावे.

३. आता गाडी. उमेश वापीला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. आमची जमीन मोठ्या रस्त्यात गेली, त्या मोबदल्यातला आपला वाटा घालून त्याने लाल रंगाची गाडी घेतली. आतले इंजिन शर्यतीच्या गाड्यांसारखे जोरदार. चुलत्या-पुतण्याच्या सामाईकीत ट्रॅक्टर घ्यावा असा हाल्या भावोजींचा आग्रह होता. उमेशने तो मानला नाही म्हणून त्यांनी आमच्या दारापासून डांबरी रस्त्यापर्यंतची, त्यांच्या बांधावरून जाणारी वाट काट्या टाकून बंद केली. तेव्हापासून आम्हाला ओहोळाकडून वळसा घालावा लागतो.

एवढी पळणारी गाडी, पण उमेश ती पळवेना. नवे इंजिन आधी रुळू द्यावे लागते, असे तो सांगे. पहिले हजार किलोमीटर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजाराच्या वर न्यायचा नाही, थंड इंजिन ताणायचे नाही. पाड्यावरची पोरे शेजारून धावत आणि पुढे निघून जात. मी म्हटले, "अरे, याच्यापेक्षा आपली एसटी बरी." तो म्हणाला, "आई, आत पिस्टन नवा आणि तो जिच्यावर घासतो ती भिंतही नवी. त्यांना एकमेकांची सवय व्हायला हवी. तुमचं दोघींचं पहिल्या वर्षी कसं होतं?" प्रगती हसली. मलाही हसू आले, कारण पहिल्या वर्षी आमचे अजिबात पटत नव्हते. त्याच गाडीवर त्याने तिला चालवायला शिकवले. सगळ्या गावाने ही गाडी हळू जाताना पाहिली आहे. पुढचे सगळे त्यातूनच उद्भवले.

४. श्रावणात भरदुपारी शेताच्या बांधावर उमेशला नाग चावला. प्रगतीने आणि मी त्याला उचलून गाडीत घातले. गाडी ती चालवत होती, मागे माझ्या मांडीवर त्याचे डोके होते. समोरची वाट काट्यांनी बंद, म्हणून ओहोळातून जावे लागले. ओहोळाला पाणी होते. तिथे गाडी अडली आणि आमचा वेळ गेला. पलीकडे निघाल्यावर प्रगतीने गाडी अशी हाणली, की इंजिनाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काटा लाल पट्ट्यात होता. उमेशनेच मला तो वाचायला शिकवले होते. त्याची जीभ जड झाली होती, पापण्या मिटत होत्या, तरी तो म्हणाला, "इंजिन... थंड आहे गं."

प्रगती म्हणाली, "खड्ड्यात गेलं इंजिन. तू डोळे उघडे ठेव."

लग्नानंतर त्याचे न ऐकण्याची तिची ती पहिली वेळ. दवाखान्याच्या दारातच त्याचा जीव गेला. डॉक्टरांनी करायचे ते सर्व केले, त्यांना माझा बोल नाही.

५. बाराव्याला पंगत बसलेली असताना हाल्या भावोजी सर्वांदेखत म्हणाले, "हिने गाडी वाचवली आन् नवरा घालवला." पंगतीला ते पटले. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती हळू जाणारी गाडी होती. ओहोळाच्या बाजूने आम्हाला जाताना पाहणारे कोणी नव्हते. मी उठून सांगितले, तर सासू सुनेची बाजू घेते असे झाले. तेव्हापासून प्रगती हळदीकुंकवाला तर नाहीच, पण पिठाच्या गिरणीवरही जात नाही. मी जिवंत आहे तोवर दळण मी नेते.

६. गाडी विकून टाकावी असे शेवटी आम्हा दोघींनाही वाटले. गिऱ्हाईक हाल्या भावोजींनीच उंबरगावहून आणले. पण गाडी निळा धूर सोडू लागली होती आणि तेल पीत होती. म्हणून महामार्गालगतच्या सुनिल धोडी यांच्या गॅरेजात इंजिन उघडले. भावोजी तिथे उभे होते. सुनिलने बोट घालून मला आतल्या भिंतीवरचे उभे ओरखडे दाखवले. तो म्हणाला, "बाई, हे थंडच असताना कोणीतरी जीव खाऊन ताणलंय. एवढं नवं इंजिन असं कोण मारतं?"

मी तिथे, त्या तेलकट फरशीवर, रडले. वर्षभरात मला कोणी एवढे चांगले काही सांगितले नव्हते. भावोजी म्हणाले, "कंपनीतनंच खराब आलं असल," आणि रिक्षा करून निघून गेले.

७. म्हणून माझी आज्ञा अशी: ही गाडी प्रगतीची आहे व ती विकू नये. तिचे इंजिन दुरुस्त करू नये. ती धूर सोडील, सोडू द्यावा. तेल पिईल, तेल घालावे. त्या ओरखड्यांखेरीज माझ्या सुनेच्या बाजूने बोलणारे मी गेल्यावर कोणी उरणार नाही.

हाल्या वरठा ज्या दिवशी पंगतीत चारचौघांसमोर आपले शब्द मागे घेतील, त्या दिवशी इंजिन खुशाल नवे करावे. खर्च माझ्या ठेवीतून करावा. किंवा प्रगतीलाच एखाद्या सकाळी वाटले की आता साक्षीची गरज नाही, तर तिने कोणासाठी थांबू नये. मग मात्र उमेश सांगे तसेच रुळवावे. सुरू करून थोडे थांबावे व हळू निघावे, उभ्या उभ्या तापवत बसू नये. काटा खाली ठेवावा. एकाच वेगाने फार वेळ जाऊ नये, कमी-जास्त करीत राहावे. गाडीत भाताची पोती भरू नयेत. पहिले तेल लवकर काढावे. त्यात लोखंडाच्या किसाची बारीक चमक दिसेल. ती पाहून घाबरू नये, घासूनच पिस्टन आणि भिंत एकमेकांना बसतात.

८. उमेशचे पाने, पकडी आणि जॅक हे सर्व हाल्या भावोजींचा मुलगा प्रविण याला द्यावे. दर रविवारी तो गाडी धुवायला यायचा. बापाच्या बोलण्यात त्याचा काही दोष नाही.

९. ओहोळालगत माझ्या स्वतःच्या नावावर जमिनीची एक पट्टी आहे. ती मी पाड्याच्या वाटेसाठी सोडते. ओहोळात सिमेंटचे मोठे नळ टाकून वरून वाट करून घ्यावी, म्हणजे पावसाळ्यातही गाडी थेट दारापर्यंत येईल. त्या वाटेवरून हाल्या भावोजींच्या घरचे आजारी माणूस न्यावे लागले, तर कोणी अडवू नये.

१०. हाल्या वरठा यांना मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही.

११. माझे दहन झाल्यावर अस्थी धाकटी डहाणूला खाडीत सोडाव्यात. तिथे माझ्याबरोबर नोकरी केलेल्या पुष्पा तामोरे आहेत, त्या होडीचे बघतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. अस्थी त्याच गाडीतून न्याव्यात आणि गाडी प्रगतीनेच चालवावी. निघताना गिरणीवरून जावे, म्हणजे लोक धूर बघतील. तिथून पुढे मात्र तिने काटा खाली ठेवावा. मागच्या खेपेला मी काट्याकडे बघून अजून जोरात, अजून जोरात म्हणत होते. या खेपेला हळू ने, पोरी. मला कुठे वेळेवर पोहोचायचे नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

सही: पुतळी लडक्या वरठा
ठिकाण: वेवजी, ता. तलासरी
दिनांक: २४ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार:
१. पुष्पा हरेश्वर तामोरे, निवृत्त शिक्षिका, धाकटी डहाणू. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. सुनिल काकड्या धोडी, गॅरेज, तलासरी. माझ्यासमोर सही केली. इंजिन मी उघडून बघितलं आहे. बाईंनी लिहिलं ते खरं आहे.