पिवळा झेंडा आणि बाराचा भोंगा

मंगळवार, १३ मे

मी लेलंड स्टेलिक. वय छप्पन्न. वाणिज्य शाखेचा पदवीधर, ब्रॅनिक येथील धान्य सहकारी संस्थेचा व्यवस्थापक आणि गेली एकोणीस वर्षे गावाचा स्वयंसेवी हवामान निरीक्षक. काल, सोमवारी, दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी आमच्या गावातून टॉर्नेडो गेला. त्याआधीच्या पाच तासांत मी काय पाहिले आणि काय केले ते क्रमाने, काहीही न वगळता लिहून ठेवायचे, एवढ्याच हेतूने ही वही उघडली आहे.

आज यापुढे लिहवत नाही. तिघे गेले. त्यांत कॅफेवाली आर्लिन पोस्पिसिल.

बुधवार, १४ मे

क्रमाने.

सकाळी सात : तापमान ६६ अंश फॅरनहाइट, दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचे माप) ६१, वारा दक्षिणेचा, ताशी नऊ मैल. पर्जन्यमापकात शून्य. आदल्या रात्री पाऊस झाला तो आमच्या उत्तरेला, वीसएक मैलांवर.

रेडिओवर अंदाज : वादळे सायंकाळी सहानंतर. धोका पाचांपैकी दुसऱ्या पायरीचा. कारण मला पाठ होते. जमिनीपासून मैलभर उंचीवर वाळवंटाकडून आलेल्या कोरड्या, उष्ण हवेचा थर पसरला होता. भांड्यावर झाकण असावे तसा. खालची दमट हवा कितीही तापली तरी ते झाकण तिला वर जाऊ देत नाही. सायंकाळपर्यंत ते टिकेल, असे सगळ्यांचे गणित होते. हवामान कार्यालयाने सकाळी सोडलेल्या फुग्यानेही तेच सांगितले.

दहा वाजता दवबिंदू ६३.

अकरा वाजता ६८. एका तासात पाच अंश! मी काच पुसून पुन्हा पाहिले. ६८च. आणि वारा दक्षिणेचा राहिला नव्हता, आग्नेयेचा झाला होता. रात्रीच्या पावसाने उत्तरेला थंड हवा पसरवून ठेवली होती, तिची कड आमच्या गावावर येऊन थांबली असली पाहिजे. त्या कडेशी खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या. जो ढग त्यावर उभा राहील तो गिरकी घेणार. हे मला तेव्हाच कळत होते. आज विचार केल्यावर सुचलेले नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

अकरा दहा : नैर्ऋत्येला एक ढग. कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कठीण, आणि नजरेसमोर वाढणारा. झाकण फुटले होते.

अकरा पंधराचे उद्या लिहीन.

गुरुवार, १५ मे

आजही ते लिहिले नाही. आधी झेंड्याविषयी लिहिणे आवश्यक आहे.

ब्रॅनिकमध्ये दर सोमवारी दुपारी बारा वाजता वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्याची चाचणी होते. अग्निशमन केंद्रात डेल वीब बटण दाबतो, लोक घड्याळे लावून घेतात. सोमवारीच बाराला खरे संकट आले तर? हा प्रश्न अकरा वर्षांपूर्वी मीच गावसभेत काढला आणि नियमही मीच लिहिला : हवेची शंका असल्यास साडेअकराच्या आत सहकारी संस्थेच्या वजनकाट्याच्या खोलीवर पिवळा झेंडा लावावा. झेंडा असेल त्या दिवशी चाचणी नाही. झेंडा असताना भोंगा झाला तर तो खरा, विचार न करता तळघरात जावे. झेंडा लावणारा मनुष्य एकच, मी.

यंदा १४, २१, २८ एप्रिल आणि ५ मे, असे लागोपाठ चार सोमवार मी झेंडा लावला. चारही दिवस कोरडे गेले. गारसुद्धा पडली नाही.

त्या सोमवारी नऊ वाजता आर्लिनच्या कॅफेत कॉफी घ्यायला गेलो. तिचा कॅफे वजनकाट्यासमोरच, रस्त्यापलीकडे. गस लिंडक्विस्ट नेहमीच्या बाकावर होता. मला पाहताच ओरडला, "काय लेलंड, आजपण चड्डी वाळत घालणार का?"

सगळे हसले. आर्लिन कॉफी ओतता ओतता म्हणाली, "घालू दे रे. बिचाऱ्याकडे एकच आहे, सोमवारी धुतो."

मीही हसलो. कान मात्र तापले.

डेल आज भेटला. मला वाटत होते, सोमवारचा तो भोंगा त्याच्या चाचणीचाच होता. म्हणजे खरा इशारा गावाला मिळालाच नाही. तीन दिवस मी या समजुतीला धरून बसलो होतो. डेल म्हणाला, "मी कुठं दाबलं बटण? मी पोचायच्या आत जिल्ह्यानं वाजवलेला. रडारवर फिरकी दिसली नि त्यांनी इकडे भोंगा सोडला. बरोब्बर बाराला. आता काय म्हणायचं याला!"

म्हणजे इशारा आला होता. सहा मिनिटे आधी. सहा मिनिटे पुरेशी असतात.

शुक्रवार, १६ मे

गसचा हात प्लास्टरमध्ये आहे. इस्पितळात त्याने आपणहून सांगितले. मी विचारले नव्हते.

"भोंगा झाला. सगळ्यांनी घड्याळाकडं बघितलं. बारा. आर्लिननं मान वाकडी करून तुझ्या खोलीवर बघितलं नि म्हणाली, झेंडा नाही, चाचणी आहे, बसा. मग चिलीच्या गरम रश्शाचे वाडगे आणले, दालचिनीचे रोल आणले. भोंगा थांबेना तेव्हा मीच म्हटलं, डेल झोपला वाटतं बटणावर. हसलो आम्ही, लेलंड. तळघराचं दार माझ्या पाठीला टेकलेलं होतं."

मी त्या वेळी चार मैलांवर, पश्चिमेच्या कोठारापाशी होतो. भोंगा अगदी बारीक ऐकू आला. मीही घड्याळ पाहिले. मलाही क्षणभर चाचणीच वाटली!

मग टॉर्नेडो ढगाखालून उतरला. माझ्यापाशी वारा जवळजवळ नव्हताच. गव्हाची ओंबीही हलत नव्हती. तो माझ्या आणि गावाच्या मधून, सावकाश वाटेल अशा चालीने पूर्वेकडे गेला. भोंगा चालू होता, मग बंद पडला. बारा सहा.

सायंकाळपर्यंत चार जिल्ह्यांत असे अकरा उतरले.

शनिवार, १७ मे

आर्लिनची अंत्ययात्रा. चर्चचे छप्पर गेले आहे म्हणून शाळेच्या व्यायामशाळेत प्रार्थना झाली. बायकांनी बटाट्याचे सॅलड, हॅम आणले होते. एरवी हे सारे आर्लिन करायची. कोणाला चमचे कुठे ठेवायचे ते समजेना.

व्हर्न, तिचा नवरा, माझ्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी तो शेतावर ट्रॅक्टरवर होता. बराच वेळ हातातला कागदी पेला फिरवत राहिला. मग म्हणाला, "झेंडा असता तर ती सगळ्यांत आधी खाली गेली असती. तुझ्यावर फार विश्वास तिचा."

त्याने पेला खुर्चीखाली ठेवला.

"तुला काही कळलं नव्हतं ना, लेलंड? त्या सकाळी?"

मी म्हणालो, "नाही."

रविवार, १८ मे

नाही म्हणालो.

मंगळवार, २० मे

हवामान कार्यालयाकडून पाहणीसाठी डॉ. ऑस्टरमन आल्या. तिशीच्या असाव्यात, बूट चिखलाने भरलेले. मोडलेली झाडे कोणत्या दिशेला पडली ते एकेक मोजत होत्या. वरच्या थरातली थंड हवा अंदाजापेक्षा सहा तास आधी पोहोचली, म्हणून झाकण दुपारीच फुटले, असे त्यांचे मत. आणि रात्रीच्या पावसाची ती कड इतक्या दक्षिणेला सरकेल हे कोणत्याच गणितात नव्हते. "अहवालात आम्ही अनपेक्षित तीव्रता असा शब्द घालणार आहोत. काका, खरं सांगते, आमच्यातल्या कुणालाच दिसलं नव्हतं हे."

मी त्यांना माझी सातची नोंद दिली. कार्यालयाला रोज तेवढीच जाते. अकराची मागितली नाही, मी दिली नाही. ती माझ्या खिशात होती.

शनिवार, २४ मे

लोक माझ्याशी फार चांगले वागत आहेत. डेल म्हणतो, "शास्त्रज्ञांना नाही कळलं, तिथं तुझा काय दोष?" शेजारीण दोनदा जेवणाचे कॅसरोल ठेवून गेली. गस फोनवर रडला. म्हणाला, "तुला चिडवायला नको होतं मी."

मी त्याला म्हणालो, त्याचा काही संबंध नाही. हे दुसरे खोटे.

सोमवार, २६ मे

बारा वाजले. भोंगा दुरुस्तीला गेला आहे. तरी मला ऐकू आला. अगदी बारीक, चार मैलांवरून यावा तसा. खिडकी बंद केली. मग लक्षात आले, खिडकीला काचच नाही.

शुक्रवार, ३० मे

त्या सोमवारी, अकरा पंधरा.

झेंडा दाराशेजारच्या खुंटीवर असतो. मी तो काढला. बाहेर ओट्यावर आलो. दोरी हातात घेतली. समोर कॅफेच्या खिडकीत माणसांच्या पाठी दिसत होत्या, आणि गसची टोपी. मला त्याचे हसणे ऐकू आले. खरे म्हणजे काचेतून काही ऐकू येत नाही, पण ऐकू आले. रेडिओ सायंकाळी सहानंतर म्हणत होता. धोका दुसऱ्या पायरीचा. पाचवा सोमवार.

मी झेंड्याची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, नेहमीसारखी नीट. आत जाऊन खुंटीवर ठेवला. कोठार तपासायचे काम दुपारचे होते, ते तेव्हाच काढले आणि गाडी घेऊन गेलो. कॅफेसमोर थांबायला नको म्हणून.

नियम मीच लिहिलेला होता. शंका असल्यास. मला शंका नव्हती, खात्री होती.

सोमवार, २ जून

दुरुस्त झालेल्या भोंग्याची पहिली चाचणी. आकाश निरभ्र, झेंडा नाही, आदल्या दिवशी चर्चमध्ये सूचनाही दिलेली. तरी भोंगा होताच सारे गाव तळघरात गेले. रस्त्यावर एक उघडी मोटार, तिच्यातला रेडिओ चालू. मी वजनकाट्याच्या ओट्यावर एकटाच उभा होतो.

हे असे चालणार नाही. व्हर्नला सांगितले पाहिजे.

रविवार, ८ जून

प्रार्थनेनंतर व्हर्नच्या शेतावर गेलो. तो जाळीच्या दाराची बिजागरी बसवत होता. म्हणाला, "धर जरा हे." मी दार धरले. त्याने चार स्क्रू पिळले, आणि तेवढ्या वेळात मी सगळे सांगितले. ६८ अंश, वारा, ढग, हातातला झेंडा, घडी. व्यायामशाळेत खोटे बोललो तेही.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. दार दोनदा उघडून मिटून बघितले.

"उद्या असशील ना काट्यावर?"

"असेन."

"येतो."

सोमवार, ९ जून

आकाश निरभ्र. दवबिंदू ५२. वारा वायव्येचा, ताशी चार मैल. झेंड्याला काहीही कारण नाही.

व्हर्न अकरा वाजता आला. बसला नाही. म्हणाला, "त्या दिवशी अकरा वीसला तिचा फोन आला होता. मी म्हटलं, इकडं ढग बरा दिसत नाही, घरी येऊ का, तू बंद कर कॅफे. तर म्हणाली, आत्ता बघितलं मी. लेलंडनं झेंडा बाहेर आणला, उभा राहिला, घडी घालून आत नेला. लेलंड आहे तो. नीट बघूनच नेला असणार. तू तुझं काम कर."

म्हणजे व्यायामशाळेत माझ्याशेजारी येऊन बसला तेव्हा त्याला ठाऊक होते.

त्याने खुंटीवरून झेंडा काढला, घडी मोडली आणि माझ्या हातात दिला. "लाव. त्या दिवशीचा राहिलाय."

मी लावला. बारा वाजता, नियमाप्रमाणे, भोंगा झाला नाही. कॅफे होता त्या मोकळ्या जागेत व्हर्न पाठमोरा उभा होता. दारादारांत माणसे उभी होती. सगळे ऐकत होते.

लेलंड स्टेलिक
वजनकाट्याची खोली, ब्रॅनिक, कॅन्सस
९ जून, दुपारी बारा वाजून सहा मिनिटे