ताईचं लोणी आणि बोटीवरचं बटर

३ फेब्रुवारी, सकाळी

हे बघा, उगाच डोळे वटारू नका. बहिणीचं लोणी बंद करणं म्हणजे बहीण बंद करणं नव्हे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (तुम्ही म्हणजे मीच. ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून तर इथे खरं लिहितो.)

बेकरी उघडली तेव्हापासून लोणी ताईकडचं. तिचा गोठा, तिचं मशीन, तिचेच डबे. तिचं मोठं गिऱ्हाईक मीच, बाकी किरकोळ. आता एक टायवाला सेल्समन बोटीने येणारं इम्पोर्टेड बटर घेऊन आलाय. चकचकीत कागद, वर हिरव्या टेकडीवर हसणारी गाय. ताईच्या गाई हसत नाहीत. लाथ मारतात.

निर्णय: यापुढे नातं घरी, क्वालिटी दुकानात. ताईला आज संध्याकाळी तोंडावर सांगणार.

संध्याकाळी

ताई डबे घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, साहेब, बटणं वर-खाली लागलीयेत. तेही भट्टीवाल्यासमोर. अशा वातावरणात बिझनेसचं बोलणं होत नाही. उद्या.

८ फेब्रुवारी

आधी ताईला सांगायचं, मग ऑर्डर द्यायची, असं ठरलं होतं. ऑर्डर दिली. फक्त क्रम बदलला. टायवाला म्हणाला, माल संपत आलाय, मोठी ऑर्डर टाका. मोठा विचार करणाऱ्यालाच असं सांगतात.

१२ फेब्रुवारी

खोकी आली. मोठा फ्रिज गच्च. आणि नेमकी ताई हजर. मी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला नाही. खोक्यांवर रिकामी पोती टाकली ती धूळ बसू नये म्हणून. फ्रिजमध्ये कसली धूळ, असं भट्टीवाला पुटपुटला. त्याला हायजीन कळत नाही.

ताई बराच वेळ फ्रिजचं दार धरून उभी होती. गार वाटत असेल.

१६ फेब्रुवारी

झकास आयडिया. डोळे बांधून चव घ्यायची. एकदम सायंटिफिक. ताईलाही बोलवायचं. हरली तर स्वतःच्या जिभेने हरेल, माझ्याकडे वाईटपणा नको.

१७ फेब्रुवारी

पार पडलं. पावाच्या तुकड्यांवर दोन्ही प्रकार, डोळ्यांवर एप्रन. भट्टीवाल्याने ताईचं निवडलं. बायकोने ताईचं. मीही ताईचंच, पण मी नुकताच चहा प्यायलो होतो, म्हणून माझं मत बाद.

शेवटी ताई. पहिला तुकडा तिने जिभेवर ठेवला आणि तशीच बसून राहिली. दुसरा पटकन गिळला. मग चाचपत दुसऱ्याच्या बशीवर बोट ठेवलं.

"हे चांगलंय. हेच घे."

इम्पोर्टेड! दुसरं कुणी नाही, खुद्द डेअरीवालीने. मग तिने एप्रन सोडला, त्याची नीट घडी केली आणि डोळ्यात पीठ गेलं म्हणून तोंड धुवायला गेली. दोन विरुद्ध एक, पण तिघांत एक्स्पर्ट कोण होतं?

जेवताना बायको एकदम म्हणाली, "तिला स्वतःचं लोणी ओळखता येत नाही? खोकी बघितली होती तिने. तुला तोंडघशी पाडायचं नव्हतं, म्हणून बोलली तसं."

मी म्हटलं, अगं, डोळे बांधले होते तिचे. तर म्हणे, तुझे अजून सुटले नाहीत. बायकांना सायन्स समजावणं कठीण.

२ मार्च

ताईने गाई विकल्या. भावोजींचा फोन होता. यात वाईट काही नाही. एवढ्या वर्षांचं पहाटे उठणं सुटलं तिचं, तेही माझ्यामुळे. शेवटची गाय टेम्पोत चढेना, तेव्हा ताई स्वतः आत चढली, मग तिच्यामागून गाय चढली. मी विचारलं, मग? भावोजी म्हणाले, मग ताईला उतरावं लागलं.

येत्या रविवारी भेटायला जाणार. नक्की.

१० मार्च

रविवार गेला. ओव्हन बिघडला असता तर बघायला कुणी नको का? बिघडला नाही, ही वेगळी गोष्ट. पुढचा रविवार पक्का.

२३ मार्च

पुढचाही तसाच गेला. आज मात्र कारण मिळालं.

गिऱ्हाइकं रोडावलीत. रोज बिस्किटं नेणाऱ्या बाई म्हणाल्या, पूर्वी कोपऱ्यावरूनच वास यायचा, हल्ली दारात येऊनही कळत नाही. मी सांगितलं, इंटरनॅशनल मालाला वास नसतो. त्यांनी पुडा परत ठेवला.

तेव्हा निर्णय: मन मोठं करायचं. ताईला पुन्हा ऑर्डर द्यायची. गाई काय, परत घेता येतात. छोटंसं भाषण पाठ केलं. त्यात 'चुकलं' हा शब्द नाही, पण त्याच्या बराच जवळून जातं.

दुपारी गेलो. गोठा धुतलेला आणि कोरडा. कोरडा गोठा मी पहिल्यांदाच बघितला. भावोजी म्हणाले, ती नोकरीला लागली, कोल्ड स्टोरेजमध्ये. कुठल्या, ते मी विचारलं नाही. शहरात छप्पन असतील.

२५ मार्च

एकच आहे.

टायवाल्याने आता माल पोचवणं बंद केलंय. स्वतः कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन उचलायचा. रांगेत उभा राहिलो. खिडकीत जाड कोट, कानटोपी, हातमोजे घातलेली बाई. माझा नंबर आला तेव्हा कळलं, ताई. पापण्यांवर बर्फाचे कण बसलेले. मागे लोक खोळंबलेले, तिच्या शेजारी मॅनेजर. भाषण ओठांवर आलं होतं. पहिलं वाक्य 'ताई' असं होतं.

तिने खोकी पुढे सरकवली. हसऱ्या गाईवाली.

"इथे सही करा. माल बघून घ्या."

करा. घ्या. मला. कान धरून मला शाळेत पोचवणारी ताई. तिथला नियम असेल. मॅनेजर होता ना शेजारी. एका अर्थी मानच मिळाला म्हणायचा.

सही केली. "थँक यू," म्हणालो. सख्ख्या बहिणीला.

तिने मान वर केली. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मी खोकी उचलली आणि निघालो.