दुखत नव्हतं म्हणून

बाबा, तुमचं तोंड वरचेवर यायचं. ओठांच्या आत बारीक पांढरे फोड, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. तुम्ही पापडीच्या आपल्या वाडीत जाईची पानं चघळत मोगरा खुडायचात, आई गार पेज द्यायची आणि आठवड्याभरात सगळं बरं व्हायचं. म्हणून मी बारावीत असताना तुमच्या जिभेच्या कडेला एकच फोड उठला, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. उलट तुम्ही खूश. "ह्यो दुखत नाय गो," म्हणालात आणि सुक्या बोंबलाची चटणी मागून घेतलीत. दिवाळी झाली तरी तो तिथेच. शेवटी आईनेच तुम्हाला वसईच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाने फोड चाचपला, कड टणक लागली, आणि त्यांनी लगेच तुकडा काढून तपासायला पाठवला. तंबाखूला कधी न शिवलेले तुम्ही. कॅन्सर म्हटल्यावर आईला वाटलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल.

ऑपरेशनच्या सकाळी इस्पितळात तुम्ही मला खाटेवर बसवून घेतलंत. "बोलून घेतो," म्हणालात. आणि बोललात काय, तर मोगऱ्याला पानी कधी द्यायचं, कुठल्या फुलवाल्याशी जपून वागायचं. मी हो हो म्हणत राहिले. नंतर अर्धी जीभ गेली. घरी आल्यावर तुम्ही मला हाक मारायचात, पण माझं नाव काही उमटायचं नाही. मग तुम्ही हाक मारणंच सोडलंत. टाळी वाजवायचात. मोगऱ्याला कळ्या धरल्या होत्या, तेव्हा तुम्ही गेलात.

मी दातांची डॉक्टर झाले ती त्यामुळेच. कुणी दाढ दुखते म्हणून आलं तरी मी आधी जीभ बाहेर काढायला लावते. मध्यंतरी कळंबचे एक मासेमार काका आले. कडेला फोड. "दुखतो का?" "नाय." मी कड चाचपली. टणक. मी त्यांना त्याच दिवशी पुढे धाडलं. वेळेत होतं, जिभेचा छोटासा तुकडा काढून भागलं. काल ते लेकीला घेऊन दाखवायला आले. ती माझ्याच खुर्चीवर टेकली, तसे खेकसले, "उठ गो, बाईंना बसू दे!" शब्द न् शब्द स्पष्ट. ती हसली, मीही हसले, आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. काका वाचले याचा आनंद मला नंतर झाला, बाबा. आधी त्या मुलीचा हेवा वाटला.