हिरवा दोरा बांधलेली वायर

चिमे,

तुझ्या आईने माझ्या गोळ्यांसाठी बनवलेला तो छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड शेवटी कॉम्प्युटरला जोडला गेला. बोर्ड बिघडलेला नव्हता, वायर चुकीची होती. काल आपण माझ्या मोबाइलच्या चार्जरची वायर लावत बसलो. तिच्यातून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. म्हणून बोर्डावरचा दिवा लागायचा, पण कॉम्प्युटर काही ओळख दाखवायचा नाही. तू आधी त्याच्यावर चिडलीस, मग माझ्यावर.

बरोबर वायर आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली. तिने वायरीला हिरवा दोरा बांधून ठेवला होता. मी उचलून नेऊ नये म्हणूनच बांधला असणार.

आता माझं एक ऐक. त्यात नवा प्रोग्रॅम घालू नकोस. घातला की जुना पुसला जातो, हे तूच सांगितलंस. आणि तिने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम तिचा लॅपटॉप बिघडला तेव्हाच गेला, पुन्हा लिहायला ती आता नाही. बोर्डाचं घड्याळ चुकलंय, मला कळतं. सकाळी त्याच्या पडद्यावर यायचं ते तिचं वाक्य आता दुपारी येतं. येऊ दे. ‘अहो, गोळी घेतलीत का? खोटं बोलू नका.’ तू नव्याने लिहिलंस, तर ‘अहो’च्या जागी ‘बाबा’ लिहिशील.

बोर्ड परत ओट्यावरच्या फळीवर लावलाय. तुझं जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

मी डॉक्टरांकडे गेलोय. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. सकाळची गोळी दुपारी घेतली तर चालेल का, एवढंच विचारून येतो.

बाबा